पोटावर एक, पाठीवर एक

मी घोडी बोलते आहे. हसू नका. मला खूर नाहीत, शेपूट नाही आणि पायही तीनच. चित्रं काढणारा माणूस ज्या लाकडी सांगाड्यावर चित्र टेकवून काम करतो ना, ती मी. शहरात मला दुसरं काही नाव असेल. मोहाडीत श्यामरावाच्या घरी मला घोडीच म्हणतात.

मला घडवलं सोमाजी सुताराने. कुणाच्या तरी दाराचा सागवान उरला होता, त्यातून. श्यामराव तेव्हा कोवळा पोरगा, नागपूरला चित्रकला शिकून नुकता गावी आलेला. त्यानं माझं रूप कागदावर काढून सोमाजीपुढे धरलं. सोमाजीनं कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला.

"हे काय होय गा श्याम?"

"घोडी होय, काका. बनवून द्या."

"इच्यावर बसन कोन? नवरदेव?"

"चित्र बसन."

"मंग बसू दे बापा. चित्र काही लाथ खाऊन पडत नाही."

माझा मागचा पाय सोमाजीनं जरा आखूड कापला. चूक ध्यानात आली तेव्हा म्हणाला, "तुह्या ओसरीची जमीन तरी कुठं सपाट आहे? बराबर बसन." आणि खरंच सांगते, ओसरीच्या एका कोपऱ्यात मी अशी बसले की जशी तिथूनच उगवले. तिथून हलवलं की मात्र डुगडुगते. जाता जाता त्यानं माझ्या पाठीवर एक मोठा खिळा ठोकला. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणाला, कामी येईन.

कामी आला. श्यामरावानं मला दोन संसार दिले. पुढे, पोटावर, पोटापाण्याचं चित्र. मागे, त्या खिळ्यावर, त्याचं स्वतःचं चित्र. पोटावरचं काम गिऱ्हाइकाचं असायचं: विडीच्या बंडलावरचा कागद, उदबत्तीचा डबा, बियाण्याच्या पाकिटावरची भेंडी, फटाक्याच्या खोक्यावरचा वाघ, शाळेत टांगायचे तक्ते. त्यानं काढलेलं वांगं पाहून शकुनबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "असं वांगं बाजारात दिसलं तं मलेबी दाखवजा. आपल्या नशिबात तं किडकेच येते."

पाठीवरचं काम कुणी सांगितलेलं नसायचं. उन्हाळ्यात आटलेलं तळं आणि त्याच्या गाळाला पडलेल्या भेगा. भाताच्या लावणीला, म्हणजे आमच्याकडच्या रोवण्याला, वाकलेल्या बाया, पाठीकडून, चिखलात पाय रुतलेले. एका म्हातारीचा नुसता हात, विडी वळणारा. गिऱ्हाईक उठून गेलं की श्यामराव हात धुवायचा, चहा प्यायचा, मला गर्रकन फिरवायचा आणि दुसराच माणूस होऊन उभा राहायचा. कपाळ वेगळं, श्वास वेगळा.

मला डोळे आहेत की नाही ते सोडा. मला वजन कळतं. श्यामरावाची एक सवय होती, कॅनव्हास वाया घालवायचा नाही. जुनं चित्र आवडेनासं झालं की त्यावरच नवं. तळ्याखाली म्हातारी, म्हातारीखाली बैल. एकेक कॅनव्हास वर्षावर्षाला जड होत गेला. वरून एकच चित्र दिसायचं, पण मी खालची सगळी तोलत असे.

एकदा त्यानं रोवण्याचं चित्र नागपूरच्या प्रदर्शनाला नेलं. एस.टी.च्या टपावर बांधून नेलं आणि तसंच परत आणलं. शकुनबाईनं पाणी दिलं. तो पाटावर बसून बोलला, "एक साहेब मने, हात कमर्शियल आहे. कॅलेंडरसारखं वाटते."

"अन इथले लोक काय मन्ते? तुमचं कॅलेंडर रडल्यावानी वाटते."

"हो नं. इकडचाबी नाही अन तिकडचाबी नाही."

"मंग जेवून घ्या," शकुनबाई म्हणाली. "पोट तं इकडचंच आहे."

त्यांना एकच लेक, हर्षा. माझा आखूड पाय धरून ती उभं राहायला शिकली. रंगाच्या चिंध्या तोंडात घालायची, मार खायची. शाळेत जायला लागल्यावर एकदा तळ्याच्या पाळीवरून घसरली आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तेवढंच. पण पोरीनं ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून हसताना ओढणी तोंडावर, ओढणी नसेल तर हात. मोबाइल आला, शंभरदा फोटो काढले असतील, पण प्रत्येकात ओठ मिटलेले. मैत्रिणी म्हणायच्या, हर्षा फोटोत परीक्षेला बसल्यासारखी दिसते.

कॉलेजात गेली त्या वर्षीची गोष्ट. रोवण्याच्या दिवसांत शकुनबाई हर्षाला घेऊन भावाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायची. श्यामरावानं मला सायकलला बांधलं आणि तोही निघाला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मला उभं केलं, आखूड पायाखाली दगड सरकवला. बाया ओळीत वाकून धानाची रोपं लावत होत्या. मधूनच हर्षा कंबर धरून सरळ झाली. हातात रोपांची जुडी, गालावर चिखल, डोळ्यांत ऊन. थकव्यानं तोंड उघडं राहिलं होतं आणि ओढणी कमरेला खोचलेली. दात झाकायचं तिच्या ध्यानातच नव्हतं.

"तशीच राह्य!" श्यामराव ओरडला.

"बाबा, कंबर मोडून राहिली माही!"

"मोडू दे. हलू नको."

ते चित्र त्यानं नव्या कोऱ्या कॅनव्हासवर शेतात सुरू केलं आणि ओसरीत पुरं केलं. त्या दातासाठी त्यानं पांढऱ्या रंगाचा जाड गोळा ठेवला आणि अंगठ्याच्या नखानं त्याचा कोपरा दाबला. झालं, म्हणाला. मी त्याची किती चित्रं तोलली. त्यांत एवढं एकच होतं की ज्याच्यात कॅलेंडरही नव्हतं आणि प्रदर्शनही नव्हतं. शकुनबाई पदराला हात पुसत आली. चित्रं पाहताना माणसं आधी विचारतात, हा कोण, तो कोण. तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "हे बोलून राहिली."

ते चित्र माझ्या पाठीवर, खिळ्याला लटकलं.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा वासुदेवराव आले. भंडाऱ्याच्या रस्त्यावर त्यांची राइस मिल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. खुर्चीवर बसले, चहा बशीत ओतला.

"श्यामराव, औंदा नवं पोतं काढून राहिलो आपन. चित्र पायजे. असं की लाखांदूरच्या बाजारात दुरून ओळखू आलं पायजे."

"अन्नपूर्णा काढतो."

"देव नोको गा!" वासुदेवरावांनी कानाला हात लावले. "देवानं फसवलं आमाले. माह्या बापानं गनपती छापला होता. पोतं खाली झालं का लोक काय करते? दारात टाकते, पाय पुसते. लोकायनं पोते आनून बापाच्या अंगावर फेकले. मने, शेठ, गनपतीवर पाय द्याले लावता का?"

सगळे हसले. शकुनबाई दाराआडून म्हणाली, "खरं आहे भाऊ. देवाचं नोकोच. पाप लागते."

"मंग बैल?" श्यामराव म्हणाला.

"बैल सगळ्याईचाच आहे. बाई काढ. बाई चालते."

मी लाकडाची आहे, मला काय कळतं. पण मला तो दिवस पक्का आठवतो. देवावर पाय पडू नये याची काळजी त्या ओसरीत सगळ्यांनी मिळून केली. माना डोलावल्या. बाईचं पुढे काय होईल ते कुणाच्या मनातही आलं नाही.

तेवढ्यात वासुदेवराव थुंकायला म्हणून उठले आणि माझ्या मागे गेले.

"ही कोन होय?"

"हर्षा. माही पोरगी."

"हेच दे मले! पन अशी नाही. हे तं उन्हानं मरून राहिली बिचारी. हसती पायजे. नथ पायजे. अन हातात हिरवे रोपे नाही, पिकलं धान पायजे. पिवळं धम्मक."

"नवीन काढून देतो."

"कवा? दिवाळीच्या तोंडी नवं धान मिलवर येते. नागपूरचा छापखाना वाट पाहून राहिला. अरे हेच नीट कर ना. अन मंग हे मोठं चित्र मी हाफिसात लावतो, तुहं नाव दिसन."

श्यामरावानं खिळ्यावरून चित्र काढलं आणि माझ्या पोटावर ठेवलं. पाठीवरचं चित्र पोटावर आलं ते तेव्हाच, पहिल्यांदा. एरवी तो वरून रंग मारायच्या आधी पारदर्शक लेप द्यायचा, म्हणजे खालचं खाली आणि वरचं वर राहतं. लेप सुकायला दिवस लागतात. तेवढी सवड नव्हती. त्यानं तसाच ब्रश बुडवला.

शकुनबाई तांदूळ निवडता निवडता उठली. "पोरीचं तोंड पुसता का तुमी?"

"पुसून नाही राहिलो. सजवून राहिलो."

"मले हेच आवडे."

"अवं, हर्षा कुठं पळून चालली का? घरातच आहे नं. रोवना आला का पुन्हा उभी करीन बांधीत. याच्याहून चांगलं काढीन."

हर्षा मागून वाकून बघत होती. तिचं एकच म्हणणं होतं. "बाबा, दात तं आधी बराबर करजा."

त्यानं दात बरोबर केला. ओठांना हसू दिलं. डोळ्यांतलं ऊन काढून चमक घातली. गाल गोरे केले, नाकात नथ घातली, चिखलाच्या जागी लाली. हात सराईत होता. कॅनव्हास जड झाला, ते मला कळलं.

चित्र मिलवर गेलं, आणि पोती छापून आली तेव्हा गावात मजा झाली. शेजारची बेबीबाई कुंपणावरून ओरडायची, "अवं हर्षे, आज तुह्यावर मिरच्या वाळू घातल्या वं!"

"घाला ना काकू, पन तोंडावर नका घालू, डोळे झोंबते!"

कॉलेजच्या बसमध्ये पोरं तिला तांदूळवाली म्हणायची. ती चिडायची आणि घरी येऊन तेच पोतं आरशाशेजारी धरून बघायची. मग पोती हळूहळू रिकामी झाली आणि कामाला लागली. आमच्याकडे रिकामं पोतं कुणी टाकत नाही. न्हाणीचा पडदा होतं, बकरीची झूल होतं, बाजारात भाजीखालचं आसन होतं. आणि दारात पायपुसणं होतं. हर्षाला त्याचंही हसू यायचं. जिवंत माणसाला आपल्या चित्रावर पाय पडला तर काय? ते स्वतः चालतं, बोलतं आहे.

पुढच्या रोवण्यात बांधीच्या धुऱ्यावर तिच्या पायाला काही लागलं. तिला वाटलं काटा. खाली वाकून पायावर चिखल चोळला आणि पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली, कारण ओळ पुढे निघाली होती आणि मागे राहिलं की बाया टोमणे मारतात. थोड्या वेळानं तिला डोळे उघडे ठेवता येईनात. मामानं मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेली. वैनगंगेचा पूल यायच्या आधीच तिची मान मामाच्या खांद्यावर पडली.

साप होता, म्हणाले. हे सगळं मी ऐकलेलं सांगते. मी ओसरीत होते. मी पाहिलं ते एवढंच की तिला माझ्या कोपऱ्यासमोर निजवलं होतं आणि पायाचा चिखल कुणी धुतला नव्हता.

तेरवीला फोटो हवा होता. मोबाइल हातोहात फिरला. सगळ्यांत ओठ मिटलेले, आणि मोबाइलनं स्वतःच गोरी केलेली. शकुनबाई कुणाकडे न बघता म्हणाली, "हे नोको. ते दातवालं चित्र काढा. बांधीतलं."

श्यामराव खांबाला टेकून बसला होता. शकुनबाईनं माझ्या पाठीकडे पाहिलं, रिकाम्या खिळ्याकडे. मग तिला आठवलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

तेरवीचा तांदूळ वासुदेवरावांनी पाठवला. मायेनं पाठवला, आपणहून. गाडीतून पोती उतरली आणि अंगणात भिंतीला लावून ठेवली. एकावर एक, सगळ्यांवर हर्षा. नथ घातलेली, हसरी. आचाऱ्यानं सुरी काढली आणि पोत्याचं तोंड उघडलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. शकुनबाई उठली आणि एकेक पोतं ओढत सगळी भिंतीकडे तोंड करून लावली. बाया मदतीला धावल्या, तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर श्यामराव रोज माझ्यापुढे उभा राहायला लागला. पाठीकडच्या बाजूनं. नवा कॅनव्हास, जुन्यावरचा नाही. काढायची होती ती हर्षा, बांधीतली. डोळे मिटायचा, आठवायचा, ब्रश टेकवायचा. आणि ब्रशखालून पोत्यावरची बाई निघायची. तेच हसू, तेच डोळे. पुसायचा. पुन्हा काढायचा. पुन्हा तीच. जी मुद्रा त्यानं गिऱ्हाइकासाठी तयार केली होती ती हाताला पाठ झाली होती, आणि खरी लेक हातातून गेली होती.

"हात कमर्शियल आहे," तो एकदा मोठ्यानं म्हणाला आणि हात भिंतीवर आपटला. शकुनबाईनं हळद लावली.

ती तिच्या परीनं वेगळंच काही करत होती. कुणाच्या दारात ते पोतं दिसलं की आत जायची, आपल्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं पायपुसणं त्यांना द्यायची आणि पोतं घेऊन यायची. आधी लोकांनी समजून घेतलं. मग बेबीबाईच्या सुनेनं ऐकवलं, "किती घरी जाल, काकू? तिकडे लाखांदूरपर्यंत हेच पोते आहे." शकुनबाई म्हणाली, "तुह्या दारचं तं दे." आणलेली पोती धुवून, घडी घालून ती ओसरीत माझ्या पायाशी ठेवायची. घडी करताना चेहरा आत जाईल अशी.

पुन्हा रोवणा आला. श्यामरावाला कुणी सुचवलं की काय कोण जाणे, त्याला वाटलं, बांधीतच गेलो तर हात उघडेल. त्यानं मला सायकलला बांधलं. तोच धुरा, आखूड पायाखाली बहुतेक तोच दगड. पाऊस लागून होता. बाया ओळीत वाकलेल्या. आणि पावसापासून पाठ वाचावी म्हणून प्रत्येकीनं डोक्यावरून पोतं घेतलं होतं, एका कोपऱ्याची खोळ करून.

श्यामरावानं ब्रश हातात घेतला आणि वर पाहिलं. ओळीनं पाठी, आणि ओळीनं हर्षा. आभाळाकडे तोंड करून, पावसात हसणारी. बाया पुढे सरकत होत्या तशा त्या सगळ्या हर्षा पुढे सरकत होत्या. आयुष्यभर त्यानं वाकलेल्या पाठीच काढल्या होत्या ना? घे, काढ म्हणावं.

तो धुऱ्यावरच खाली बसला. ओळीतली एक म्हातारी मान वळवून म्हणाली, "का गा, भोवळ आली का?" तो पोत्यांकडेच पाहत होता. मग तिलाच कळलं. तिनं डोक्यावरचं पोतं काढून चिखलात ठेवलं. मग शेजारणीनं काढलं. सगळ्या उघड्या पाठीनं भिजत रोवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तो चित्र परत मागायला मिलवर गेला. आणि दोनतीन दिवसांनी वासुदेवराव स्वतः ते मोठं चित्र चादरीत गुंडाळून घेऊन आले.

"हे घे बापा. तुहंच होय. मले काही नोको."

"अन पोतं?" शकुनबाईनं विचारलं. ती कधी त्यांच्यासमोर येऊन बोलत नव्हती. आली.

वासुदेवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, खोटं कायले बोलू? पोतं नाही बदलवता येत. लोक वाचत नाही, तोंड पाहून पोतं उचलते. दुसरं तोंड लावलं का मन्ते, माल बदलला. गड्यायचं पोट आहे मिलवर." मग जरा थांबून म्हणाले, "मीबी आता हाफिसात त्या चित्राकडे पाठ करूनच बसत होतो."

चादर काढली आणि कॅनव्हास माझ्या पोटावर ठेवला. मी ते वजन लगेच ओळखलं. खाली ती होती.

श्यामरावानं टर्पेंटाइन घेतलं, कापसाचा बोळा केला, रंग खरवडायची पातळ सुरी घासून आणली. सकाळची वेळ. शकुनबाई सूप घेऊन शेजारी बसली, तांदूळ निवडायला. निवडत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती.

"लेप नव्हता देल्ला मी," तो म्हणाला. "खालचंबी निघू शकते."

"काढा."

त्यानं नथेपासून सुरुवात केली. नथ निघाली. नथेसोबत गोरा गाल निघाला, आणि गालाखालचा चिखलाचा गालही निघाला. खाली नुसतं कापड, विणीचे धागे. जिथं हर्षाचा गाल होता तिथं काहीच नाही. शकुनबाईचं सूप हललं आणि थोडे दाणे सांडले.

श्यामरावानं सुरी फडक्याला पुसली. मला वाटलं आता थांबेल. तो ओठांवर आला. बोळा दाबला, वाट पाहिली, सुरी अशी आडवी धरली की जशी दाढी करणारा गळ्याशी धरतो. हसू निघालं, पापुद्र्यासारखं. खाली कोरडा, अर्धा उघडा ओठ. मग पांढऱ्या दातांची सरळ ओळ निघाली, आणि तो जाड गोळा सुरीला लागला. नखानं दाबलेला. कोपरा उडालेला.

"आला," श्यामराव म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच.

शकुनबाई उठून जवळ आली. बोट पुढे केलं पण लावलं नाही. तो बोळा पुन्हा भिजवायला लागला. "आता डोळे. डोळ्यात ऊन होतं तिच्या, आठवते नं? डोळे काढू दे."

तिनं त्याचं मनगट धरलं. "बस."

"डोळे खोटे आहे वं हे! माह्या हातचे खोटे!"

"अन गालासारखे डोळेबी गेले तं? तुमच्या हातून येते का आता पुन्हा? येते का, सांगा."

त्यानं बोळा खाली ठेवला.

"राहू द्या मंग. तोंड आलं नं. हाक मारन तं तोंडानंच मारन." आणि तिनं त्याच्या हातातली सुरी घेतली, पदराला पुसली आणि वळचणीला खोचून ठेवली. तिथंच आहे अजून.

त्याला पुष्कळ दिवस झाले. ते चित्र अजून माझ्या पोटावर आहे. वर पोत्यावरच्या बाईचे चमकते डोळे, मध्ये गालाच्या जागी उघडं कापड, खाली माझ्या हर्षाचं दमलेलं तोंड. बघणाऱ्याला भीती वाटते. पाहुणे आले की नजर चुकवतात. शकुनबाई रोज त्याच्यापुढे बसते. हार घालत नाही. कधी कधी बोलते, भाजी काय केली, कोण मेलं, कोण पळून गेली.

श्यामराव अजून गिऱ्हाइकाची कामं करतो, पण भिंतीशी मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन. भेंडी काढतो, कणीस काढतो, दिवा काढतो. माणूस काढत नाही. कुणी आलं, बाई काढून द्या म्हणालं, तर सांगतो, हात दुखते. माझी पाठ रिकामी आहे. खिळा गंजला आहे. एका पायाला वाळवी लागली आहे, त्याच आखूड पायाला, जो धरून ती उभी राहायची. मी पडेन तेव्हा चित्रासकट पडेन, एवढीच काळजी वाटते. जमीन तेवढी माझ्याशी इमान राखून आहे.

परवा शकुनबाई लाखांदूरहून आली. तिथल्या एस.टी. स्टँडवर एक बाई लेकराला पाजत बसली होती, म्हणाली. खाली ते पोतं. श्यामरावानं विचारलं, "मंग? आनलं?"

"कायले? लेकराले घेऊन बसली होती बिचारी. खाली ओल होती." मग पाय धुता धुता म्हणाली, "हर्षाले लेकरं आवडत."

एवढंच माझं सांगणं. मी काही मागणारी नाही, मला कुणी काही देऊही शकत नाही. पण तुमच्या घरी तांदळाचं पोतं येत असेल आणि त्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र असेल, तर रिकामं झाल्यावर खुशाल दारात टाका. कामाची वस्तू आहे, वापरा. फक्त तोंड जमिनीकडे करून टाका. उलट्या बाजूनंही पाय तेवढेच पुसले जातात.